वाचक विचारतात : चार चौकटी, एकच हात

मागच्या अंकात पेपरातल्या कॉमिक स्ट्रिपवर लिहिताना 'पीनट्स' या अमेरिकन स्ट्रिपचे, म्हणजे चार्ली ब्राऊन हा मुलगा आणि स्नूपी हा त्याचा कुत्रा यांचे जनक चार्ल्स शुल्झ यांच्याबद्दल मी एकच वाक्य टाकलं होतं, की या माणसाने जवळजवळ पन्नास वर्षं रोजची स्ट्रिप एकट्याने काढली, हाताखाली कोणी नाही. त्या एका वाक्यावर एवढे मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप आले की संपादक म्हणाले या महिन्याचा सगळा कॉलमच त्यांना देऊन टाका. दिला. सारखेच प्रश्न एकत्र केलेत आणि नेहमीप्रमाणे नावं न टाकता फक्त गाव टाकलंय.

"एकट्याने" म्हणजे नक्की काय? कल्पना, चित्र, अक्षरं सगळं स्वतः? मोठे लोक असिस्टंट ठेवतात ना? मी अ‍ॅनिमेशन शिकतेय, आमच्याकडे तर एका पात्राचे डोळे एक जण काढतो आणि केस दुसरा! – विद्यार्थिनी, पुणे

हो, सगळं स्वतः. सुचणं, पेन्सिलीने पुसट आखणं, शाईने काढणं, फुग्यातली अक्षरं लिहिणं, सगळं. तिकडे गाजलेल्या स्ट्रिपवाल्यांकडे एक जण जोक लिहून देणार, दुसरा शाई फिरवणार, तिसरा अक्षरं काढणार आणि ज्याचं नाव छापून येतं तो सही ठोकणार असा छोटा कारखानाच चालायचा. त्यात फसवाफसवी काही नव्हती, धंद्याची पद्धतच ती. शुल्झना मात्र ते कधी पटलं नाही. 'पीनट्स'ची पहिली स्ट्रिप आली २ ऑक्टोबर १९५० ला आणि शेवटची १३ फेब्रुवारी २००० ला, मधल्या काळात १७,८९७ स्ट्रिपा झाल्या, आणि एवढ्या वर्षांत मोठी सुट्टी घेतली ती एकदाच, १९९७ च्या शेवटी पंच्याहत्तरी झाली तेव्हा पाच आठवडे. तेवढे दिवस पेपरांनी जुन्या स्ट्रिपा छापल्या.

हा आकडा वाचून मला आधी कौतुक नाही, धडकी भरते. मी स्वतः एका साप्ताहिकाला आठवड्याला एक व्यंगचित्र द्यायचो, फक्त एक हां, तर पावणेदोन वर्षांत असा दमलो की बुधवार आला की पोटात गोळा यायचा.

त्यांचे वडील कार्ल शुल्झ न्हावी होते. जन्म जर्मनीतला, मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉल शहरात स्वतःचं सलून. (चार्ली ब्राऊनचे वडीलही न्हावीच आहेत, स्ट्रिपमध्ये ते कधी दिसत नाहीत पण तो सांगतो.) शुल्झ लहानपणी तिथे केस कापायला बसायचे आणि मधेच पैसे देणारं गिऱ्हाईक आलं की वडील पोराला अर्धवट कापलेल्या डोक्याने उठवून बाजूला बसवायचे, त्याची त्यांना भयंकर लाज वाटायची. मला विचाराल तर या माणसाचा सगळा स्वभाव त्या दुकानातून आलाय. दुकान आपलं आहे तर सकाळी आपणच उघडायचं, कात्री आपणच चालवायची, आज मूड नाही म्हणून गिऱ्हाइकाला परत पाठवायचं नाही. बाकी लोक याला प्रतिभा वगैरे म्हणतात, ती होतीच, पण मला यात दुकानदार जास्त दिसतो.

हत्याराबद्दलही तसंच. एस्टरब्रूक कंपनीची ९१४ नंबरची निब ते वापरायचे. ती निब बंद होणार कळल्यावर त्यांनी उरलेला सगळा स्टॉक विकत घेऊन ठेवला. आपल्याकडे नाही का, जुन्या शिंप्याला ठराविक कंपनीचीच कात्री लागते, तसं.

शाळेत ते चित्रकलेत पहिले वगैरे असतील ना? माझा नातू दिवसभर वहीत चित्रं काढतो आणि मार्क बेताचे, सून वैतागलीय. – निवृत्त शिक्षिका, नाशिक

बाई, हे उत्तर सूनबाईंना अवश्य वाचून दाखवा. जन्म २६ नोव्हेंबर १९२२, मिनिआपोलिसचा. जन्मल्यावर दोनच दिवसांत काकाने नाव ठेवलं 'स्पार्की', ते कशावरून तर तेव्हाच्या 'बार्नी गूगल' या स्ट्रिपमधल्या स्पार्क प्लग नावाच्या घोड्यावरून! म्हणजे बारशाआधीच कॉमिक स्ट्रिप चिकटली ती चिकटलीच, घरचे आणि मित्र त्यांना शेवटपर्यंत स्पार्कीच म्हणायचे. बापलेक दोघंही रविवारच्या पेपरातल्या स्ट्रिपांचे वेडे.

घरात स्पाइक नावाचा काळापांढरा कुत्रा होता, तो टाचण्या, खिळे, ब्लेड असलं काय वाटेल ते खायचा. चौदा-पंधरा वर्षांच्या स्पार्कीने त्याचं चित्र काढून रिप्लेच्या 'बिलीव्ह इट ऑर नॉट' या सदराला पाठवलं आणि १९३७ मध्ये ते छापून आलं. छापून आलेलं हे पहिलं चित्र, आणि स्नूपीचा मूळपुरुष हाच.

पण म्हणून शाळेत कोणी डोक्यावर घेतलं नाही. शाळेच्या शेवटच्या वर्षी वार्षिक अंकासाठी चित्रं दिली, ती छापलीच नाहीत, आणि हे ते म्हातारपणापर्यंत विसरले नाहीत, मुलाखतीत विषय निघाला की सांगायचेच. मग १९४० मध्ये मिनिआपोलिसच्याच एका संस्थेचा पोस्टाने शिकायचा चित्रकलेचा कोर्स लावला. फी १७० डॉलर, मंदीनंतरच्या काळात न्हाव्याच्या घरात ही रक्कम काही थोडी नव्हती, हप्ते भरताना वडिलांची ओढाताण व्हायची. आणि त्या कोर्समध्ये 'लहान मुलांची चित्रं' या विषयात मिळाली सी प्लस! ज्याने पुढे आयुष्यभर लहान मुलंच काढली त्याला. नातवाला वही आणून द्या.

चार्ली ब्राऊन इतका रडका का आहे हो? मॅच हरतो, पतंग झाडात अडकतो, व्हॅलेंटाइनचं कार्ड कोणी देत नाही. मुलांच्या कॉमिकमध्ये एवढं दुःख कशाला? – डोंबिवली

पहिली गोष्ट, ते मुलांचं कॉमिक नव्हतंच. पात्रं मुलं आहेत, वाचणारे मोठे होते. पहिल्याच स्ट्रिपमध्ये दोन पोरं फुटपाथवर बसलीयत, समोरून चार्ली ब्राऊन येतोय, त्यातला मुलगा म्हणतोय बघ आला आपला चार्ली ब्राऊन, तो पुढे निघून जातो आणि शेवटच्या चौकटीत हाच मुलगा म्हणतो, मला तो अजिबात आवडत नाही! १९५० च्या पेपरात ही सुरुवात. बाकीच्या स्ट्रिपांमध्ये तेव्हा लोक केळीच्या सालीवरून घसरत होते.

आणि दुःख कुठून आलं ते विचाराल तर १९४३ साल बघा. आईला कॅन्सर झालेला, अनेक वर्षांचा. मुलाला सैन्यात बोलावणं आलेलं. जवळच्याच छावणीतून रजेवर घरी आला, परत निघताना आईच्या खोलीत गेला तर ती म्हणाली स्पार्की, आता निरोप घेऊ, बहुतेक आपली भेट व्हायची नाही. दुसऱ्या दिवशी, १ मार्चला, ती गेली. अंत्यविधी झाला आणि काही दिवसांत हा केंटकीच्या छावणीला जाणाऱ्या ट्रेनमध्ये. वीस वर्षांचा, एकुलता एक मुलगा. पुढे २०व्या आर्मर्ड डिव्हिजनमधून युरोपात गेला, मशीनगनच्या तुकडीचा प्रमुख होता, युद्धाच्या अगदी शेवटी शेवटी आघाडीवर पोचला. युद्ध मागे पडलं पण तो निरोप आयुष्यभर राहिला, म्हातारपणीही त्याबद्दल बोलताना आवाज कापायचा.

परत आल्यावर एका कॅथलिक कॉमिक मासिकात दुसऱ्यांच्या चित्रांवर अक्षरं लिहायचं काम मिळालं, आणि ज्या संस्थेतून पोस्टाने शिकला तिथेच मास्तर म्हणून लागला. तिथल्या सहकाऱ्यांमध्ये एक खराखुरा चार्ली ब्राऊन होता, नाव त्याचंच उचललं. लायनस आणि फ्रीडा या पात्रांची नावंही तिथलीच. आणि हिशेबाच्या खात्यात लाल केसांची एक मुलगी होती. तिला मागणी घातली, ती नाही म्हणाली आणि १९५० मध्ये तिने दुसऱ्याशी लग्न केलं. स्ट्रिपमधली 'लाल केसांची छोटी मुलगी' ती हीच, जिच्याकडे चार्ली ब्राऊन डब्याच्या सुट्टीत बाकावर बसून लांबून बघत राहतो, जाऊन बोलत मात्र नाही. पन्नास वर्षांत तिचा चेहरा एकदाही काढला नाही. १९९८ मध्ये एकदा काळी सावली तेवढी दिसली, तीही स्नूपीबरोबर नाचताना, म्हणजे बिचाऱ्या चार्लीच्या नशिबात तेही नाही!

तेव्हा रडका म्हणू नका. तो दर उन्हाळ्यात परत बेसबॉलची टीम गोळा करतो, परत चेंडू टाकायला पिचर म्हणून उभा राहतो. रडक्याला हे जमत नाही.

पैसे कसे मिळतात? म्हणजे अमुक एक पेपर पगार देतो का? मी वेबकॉमिक काढतो, फॉलोअर आहेत, पैसे नाहीत. – ठाणे

मित्रा, दुसऱ्या वाक्यावर माझ्याकडे इलाज नाही. पहिल्यावर सांगतो.

तिकडे मधे सिंडिकेट असतं. चित्रकार सिंडिकेटशी करार करतो, त्यांचे सेल्समन गावोगावच्या पेपरांना स्ट्रिप विकतात, प्रत्येक पेपर आपापल्या खपाप्रमाणे आठवड्याचे पैसे देतो आणि जमेल ते दोघांत वाटून घेतात, शुल्झ यांच्याकडे निम्मं-निम्मं. म्हणजे एकच चित्र हजार ठिकाणी विकलं जातं, तिथे खरा पैसा. पण तिथवर पोचायला वेळ लागतो. आधी १९४७ पासून सेंट पॉलच्याच 'पायोनियर प्रेस'मध्ये 'लिल फोक्स' नावाचं आठवड्याचं सदर ते करत होते, ते १९५० च्या सुरुवातीला संपलं. 'सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट' या मोठ्या साप्ताहिकाने सुटी १७ हास्यचित्रं घेतली. मग चित्रांचं बाड घेऊन न्यूयॉर्कला 'युनायटेड फीचर'कडे गेले आणि तिथे जमलं. सुरुवातीला पेपर किती, तर सात. पहिल्या महिन्याची कमाई नव्वद डॉलर. शेवटी शेवटी पेपर होते २,६०० च्या वर, ७५ देश, २१ भाषा.

दोन गोष्टी मात्र सिंडिकेटने लादल्या आणि दोन्ही त्यांना डाचल्या. एक, आकार. बारीक, सारख्या मापाच्या चार चौकटी, का तर पेपरवाल्याला त्या आडव्या, उभ्या किंवा दोन-दोन करून चौकोनात कशाही बसवता याव्यात. जागा वाचवणारी स्ट्रिप म्हणून ती विकली गेली! पण मला वाटतं या कंजूषपणानेच स्ट्रिप घडली, कारण एवढ्याशा जागेत गर्दी, गाड्या, इमारती काढताच येत नाहीत, मग उरलं काय, एक गवताची रेघ, एक विटांची भिंत, दोन पोरं आणि ती काय बोलतात ते. दुसरी गोष्ट नाव. 'लिल फोक्स'शी मिळतीजुळती नावं आधीच कोणाकोणाची होती म्हणून सिंडिकेटमधल्या कोणीतरी 'पीनट्स' ठेवलं, शेंगदाणे. त्यांना ते नाव शेवटपर्यंत आवडलं नाही, बोलताना ते टाळायचेच. पन्नास वर्षं नावडत्या पाटीखाली दुकान चालवलं म्हणायचं.

फ्रँकलिन या काळ्या मुलाच्या पात्रामागे एका बाईंचं पत्र होतं असं ऐकलंय. खरं का? – नागपूर

खरं. ४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. त्यानंतर अकरा दिवसांनी लॉस एंजेलिसच्या हॅरिएट ग्लिकमन या शिक्षिकेने शुल्झना पत्र लिहिलं, की तुमची स्ट्रिप कोट्यवधी लोक वाचतात, त्या पोरांच्या टोळीत एखादं काळं मूल का नसावं. हे पत्र त्यांनी दुसऱ्याही चित्रकारांना पाठवलं होतं. शुल्झ यांचं उत्तर आलं ते गुळमुळीत नव्हतं पण घाबरलेलं होतं: आम्हाला करायचंय, पण आम्ही उपकार केल्यासारखं दाखवतोय असं काळ्या लोकांना वाटेल याची भीती वाटते. बाई तिथे थांबल्या नाहीत. तुमचं पत्र माझ्या काळ्या मित्रमैत्रिणींना दाखवू का असं विचारलं, त्यांच्याकडून पत्रं लिहवून घेतली, की उगाच हिरो करू नका हो, नुसता बाकीच्या पोरांसारखा असू दे. १ जुलैला शुल्झनी कळवलं, २९ जुलैच्या आठवड्यातला पेपर बघा. आणि ३१ जुलैला समुद्रकिनाऱ्यावर चार्ली ब्राऊनचा हरवलेला चेंडू घेऊन फ्रँकलिन हजर, कुठलंही भाषण नाही, दोघं मिळून वाळूचा किल्ला करतात. बोलता बोलता कळतं की फ्रँकलिनचे वडील व्हिएतनामला आहेत.

यावर बोंब झालीच. दक्षिणेतल्या एका संपादकाने लिहिलं की पात्र असायला हरकत नाही पण शाळेत गोऱ्या मुलांबरोबर एकत्र बसलेलं दाखवू नका. शुल्झ यांनी त्या पत्राला उत्तरच दिलं नाही. सिंडिकेटचा अध्यक्ष कुरकुर करायला लागला तेव्हा मात्र फोनवर सांगितलं, मी काढतो तसं छापा नाहीतर मी सोडतो. हे त्यांनीच नंतर मुलाखतीत सांगितलंय.

आता माझं मत. फ्रँकलिन पात्र म्हणून फिकाच राहिला. ल्यूसी खवट आहे, लायनस घोंगडीला चिकटलेला तत्त्वज्ञ आहे, श्रोडर बीथोव्हनवेडा आहे, फ्रँकलिन नुसता चांगला आहे, आणि चांगल्या पात्राला स्ट्रिपमध्ये कामच नसतं. १९७३ च्या थँक्सगिव्हिंगच्या टीव्ही कार्यक्रमात तर टेबलाच्या एका बाजूला तो एकटा बसलेला दिसतो, त्यावर लोक अजून टीका करतात आणि ती टीका चुकीची नाही. पण म्हणून १९६८ मधला तो फोन लहान होत नाही. दोन्ही खरं असू शकतं.

स्नूपीचे टीशर्ट, मग, चादरी, इन्शुरन्सच्या जाहिराती! हे विकलं जाणं नाही का? 'कॅल्विन अँड हॉब्स'वाल्याने बघा एकही खेळणं काढू दिलं नाही. – ग्राफिक डिझायनर, बेंगळुरू (मूळचे सांगलीचे)

हा प्रश्न येणार हे माहीत होतं, आणि चार जणांनी विचारला, सगळे डिझायनर!

'कॅल्विन अँड हॉब्स'चे बिल वॉटरसन यांनी १९८५ ते १९९५ एवढी दहाच वर्षं स्ट्रिप काढली, खेळणी-टीशर्ट कशालाही परवानगी दिली नाही, सिंडिकेटशी भांडून भांडून, आणि मग सरळ बंद करून घरी बसले. गाड्यांच्या मागे कॅल्विनचे स्टिकर दिसतात ते सगळे चोरीचे. मला त्या माणसाबद्दल अतोनात आदर आहे. पण शुल्झ यांचं म्हणणं असं की कॉमिक स्ट्रिप जन्मालाच आली पेपर खपवायला, मग तिला अचानक देवघरात कशाला बसवता. परत दुकानदार बोलला बघा. आणि गंमत म्हणजे वॉटरसन स्वतः लहानपणापासून 'पीनट्स'वर वाढलेले, ते त्यांनी कधी लपवलं नाही.

माझ्यापुरतं सांगतो, चादरी मलाही जास्त वाटतात. पण मे १९६९ मध्ये अपोलो १० चंद्राभोवती फिरून आलं तेव्हा मुख्य यानाचं हाकेचं नाव होतं चार्ली ब्राऊन आणि चंद्राजवळ उतरत गेलेल्या छोट्या यानाचं स्नूपी. न्हाव्याच्या पोराने काढलेला कुत्रा चंद्रापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर! याच्यापुढे चादर माफ. आणि एक विसरू नका, बाहुल्या दुसऱ्यांनी केल्या, सिनेमे दुसऱ्यांनी केले, पण पेपरातल्या चार चौकटींना दुसऱ्या कोणाचा हात लागला नाही. ती रेघ त्यांनी बरोबर कुठे मारायची तिथे मारली होती.

'पीनट्स'चा नाताळवाला टीव्ही कार्यक्रम यूट्यूबवर तुकड्या-तुकड्यांत बघितला. इतका हळू आणि शांत का आहे? – औरंगाबाद

हळू म्हणूनच टिकलाय. ९ डिसेंबर १९६५ ला सीबीएसवर पहिल्यांदा दाखवला. मागे खोटं हसणं घालायला शुल्झनी साफ नकार दिला, आवाज खऱ्या लहान मुलांचे घेतले (एकदोघं इतकी लहान की वाचता येत नव्हतं, ओळी बोलून पाठ करून घेतल्या), संगीत व्हिन्स ग्वारल्डी यांचं जॅझ, आणि शेवटी लायनस बायबलमधला उतारा सरळ म्हणून दाखवतो. चॅनेलवाल्या साहेबांनी आधी पाहिला तेव्हा तोंडं पाडली होती, एकदा दाखवू आणि विसरू म्हणाले. एमी मिळालं, पीबॉडी मिळालं, दोन्ही तिकडचे मोठे पुरस्कार, आणि पुढे कित्येक दशकं दर नाताळला लागत राहिला.

आम्ही बे एरियात राहतो, मुलं अकरा आणि सात. सांता रोझाला शुल्झ यांचं म्युझियम आहे म्हणे, जाण्यासारखं आहे का? – एक मराठी कुटुंब, सॅन होजे

जा हो, नक्की जा, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला आहे, पूल ओलांडला की रस्ता सरळ. शुल्झ १९५८ मध्ये मिनेसोटा सोडून त्या भागात आले ते कायमचे. म्युझियम त्यांच्या पश्चात, ऑगस्ट २००२ मध्ये उघडलं, मूळ चित्रं तिथे बघायला मिळतात, छापलेल्यापेक्षा कितीतरी मोठी असतात, जवळ उभं राहिलात की शाई कुठे जाड झाली कुठे अडखळली ते दिसतं. पण मुलांना आधी समोरच्या आइस रिंकवर न्या. १९६९ मध्ये त्यांनी ती गावासाठी बांधली, स्वतः मिनेसोटाचे, आइस हॉकीचं वेड. तिथल्या 'वॉर्म पपी' कॅफेत रोज सकाळी इंग्लिश मफिन आणि द्राक्षाचा जॅम खायचा आणि मग स्टुडिओत कामाला, असा दिनक्रम. त्यांचं टेबल अजून रिकामं राखून ठेवतात.

२०१७ च्या वणव्यात त्यांचं राहतं घर पूर्ण जळालं, पत्नी जीन कशाबशा बाहेर पडल्या. म्युझियम वाचलं, तिथे मूळ चित्रं होती म्हणून बरं.

मराठीत असं रोजचं कोणी केलंय का? – बेळगाव

'चिंटू'! विसरलात की काय? चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर, १९९१ पासून 'सकाळ'मध्ये. पेपर आला की आधी तोच कोपरा बघणारी एक अख्खी पिढी आहे, मीही त्यातलाच. ते दोघांचं काम होतं, जोडीने केलेलं, त्यामुळे शुल्झशी तुलना नको. पण रोज सुचणं हे दोघांनाही तेवढंच अवघड असतं एवढं सांगतो. यावर एक वेगळा कॉलम करू.

मी साइनबोर्ड रंगवायचो, आता वय चौसष्ट, हात थरथरतो. शुल्झ यांचाही थरथरायचा असं ऐकलंय. मग ते कसे काढायचे? – कोल्हापूर

दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

१९८१ मध्ये त्यांचं हृदयाचं मोठं ऑपरेशन झालं, चार ठिकाणी बायपास. त्यानंतर हात कापायला लागला. काही वेळा तर डाव्या हाताने उजवं मनगट धरून रेघ ओढायचे. ऐंशी-नव्वदच्या स्ट्रिपा काढून बघा, चार्ली ब्राऊनच्या डोक्याचा गोल, जो १९६० मध्ये एका झटक्यात फिरलेला दिसतो, तो आता बारीक कापत कापत जातो. कुंपणाची रेघ वाकडी, गवत वाकडं. कोणीही म्हणालं असतं की आता शाईला माणूस ठेवा, अक्षरं तरी दुसऱ्याकडून घ्या, पैशाची ददात नव्हती. ठेवला नाही. ती कापरी रेघ तशीच छापू दिली, जवळजवळ एकोणीस वर्षं. मी फोर्टच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्यांची पुस्तकं घ्यायचो तेव्हा मला वाटायचं छपाई खराब आहे, खरं काय ते खूप नंतर कळलं. आणि आता मला ती रेघ सरळ रेघेपेक्षा जास्त आवडते, पात्रांचं वय झाल्यासारखं वाटतं, पोरं सात-आठ वर्षांचीच पण रेघ सत्तरीची.

साइनबोर्डला हे चालत नाही हे मला कळतं, दुकानदाराला अक्षर सरळच लागतं. पण घरी काढत असाल तर काढा, आणि जमलं तर मला एक फोटो पाठवा.

त्यांच्यानंतर दुसऱ्या कोणी का नाही चालवली? – वाशी आणि इंदूर

तशी त्यांची इच्छा होती आणि करारातही तशी तजवीज होती. नोव्हेंबर १९९९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि तपासणीत आतड्याचा कॅन्सर निघाला, पसरलेला. औषधांनी नजर अंधुक झाली, शब्द आठवेनात. १४ डिसेंबरला निवृत्ती जाहीर केली. रोजची शेवटची स्ट्रिप ३ जानेवारी २००० ला आली, रविवारच्या पुरवण्या पुष्कळ आधी छापून तयार असतात म्हणून शेवटची रविवारची होती १३ फेब्रुवारीला. १२ तारखेला रात्री झोपेत गेले. सकाळी लोकांच्या दारात पेपर पडला त्यात त्यांचं निरोपाचं पत्र आणि ते गेल्याची बातमी टीव्हीवर. कोणी कथेत लिहिलं असतं तर मी संपादक म्हणून कापलं असतं, फारच जुळवून आणलंय म्हणून.

तेव्हापासून पेपरांमध्ये जुन्याच स्ट्रिपा फिरून फिरून येतात.

चार्ली ब्राऊन शेवटी फुटबॉल मारतो का? ल्यूसी प्रत्येक वेळी बॉल काढून घेते आणि तो पडतो. प्लीज खरं सांगा. – इयत्ता सातवी, सातारा

खरं सांगतो. दर वर्षी ल्यूसी बॉल धरते, शपथ घेते, हा धावत येतो, ती बॉल उचलते आणि हा पाठीवर आपटतो. १९५२ पासून हेच. १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये मात्र वेगळंच झालं. ल्यूसी बॉल धरून बसलेली, तेवढ्यात तिचा धाकटा भाऊ रीरन येतो, आईने जेवायला बोलावलंय म्हणतो. ल्यूसी बॉल त्याच्या हातात देऊन घरात जाते. थोड्या वेळाने रीरन घरात येतो. ती विचारते काय झालं, तू बॉल काढलास की त्याने मारला? रीरन म्हणतो, तुला कधीच कळणार नाही.

आणि मधली चौकट शुल्झनी काढलेलीच नाही. त्यामुळे मलाही माहीत नाही रे.